नेम बाकी

परंदवडीतले आमचे शेजारी भिवाआबा दारात आलेल्या माणसाला 'या, बसा' म्हणत नाहीत. 'लोणचं खाल्लंय का?' असं विचारतात. खाल्लं असेल तर हात साबणानं दोनदा धुवायचे, नाहीतर ओसरीवरच बसायचं. मिठाच्या बोटांनी लोखंडाला गंज चढतो, आणि आबांच्या घरात माणसांपेक्षा लोखंडाचा मान मोठा. मी लोणच्याशिवाय घास न उतरणारा माणूस. निवृत्त होऊन इथं राहायला आलो, तेव्हाची आमची पहिली दोन वर्षं ओसरीवरच गेली.

हे लोखंड म्हणजे निशाणेबाजीच्या जुन्या छऱ्याच्या बंदुका. एका वेळी एकच छर्रा घेणाऱ्या. नळी मोडायची, छर्रा घालायचा, नळी सरळ करायची, मारायचा, की पुन्हा पहिल्यापासून. आबा उर्शाकडच्या एका कारखान्यात फिटर होते, तेव्हापासूनचा हा नाद. कुठली लोणावळ्यातल्या बंगल्याच्या माळ्यावरून निघालेली, कुठली भुशीच्या वाटेवरच्या फुगेवाल्यानं टाकून दिलेली, अशा अकरा जमवल्यात. चामड्याचा वायसर स्वतः कापून आठ दिवस तेलात भिजवतात. लाकडी दस्त्याला रोज जवसाच्या तेलाचा एक थेंब.

"एकदम वाटीभर ओता की," मी एकदा म्हणालो.

"मास्तर, तुमी पोरांना सगळं पुस्तक येका दिशी शिकवत व्हता का?"

खरं तर शिकवत होतो, परीक्षेच्या आदल्या दिवशी.

गंमत म्हणजे आबांना स्वतःला नेम अजिबात नाही. एकदा आग्रह करून डब्यावर मारायला लावलं, तर डबा जागच्या जागी आणि दोरीवरच्या माझ्या बंडीला भोक. "बंडीच मधी आली," म्हणाले.

प्रत्येक बंदुकीला दोऱ्यानं एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली असते. 'स्प्रिंग नवी. वायसर नवा. माशी सरळ केली.' माशी म्हणजे नळीच्या टोकाची नेमाची खूण. शेवटची ओळ सात चिठ्ठ्यांवर 'नेम झाला' अशी आणि चारांवर 'नेम बाकी'. पुण्याचा एक हौशी माणूस त्या चारांतली एक मागायला आला, तर आबांनी त्याला ओसरीवरूनच परत लावला. "तयार न्हाई अजून." एवढी लखलखीत बंदूक तयार कशी नाही, ते मला कळेना.

गेल्या महिन्यात आबा किल्ली माझ्याकडे ठेवून बँकेत गेले. मला परोपकाराची उबळ आली. कॉलेजात असताना मी रायफल बऱ्यापैकी चालवायचो. हात धुतले, लोणच्याचा वासही राहू दिला नाही. 'नेम बाकी'तली एक काढली, परसातल्या आंब्याला कागद लावला आणि वीस पावलांवर पोत्यावर आडवा झालो. पाचही छर्रे मधोमध, रुपयाखाली झाकतील असे. खुशीत चिठ्ठीवरचं 'बाकी' खोडून 'झाला' लिहिलं.

आबा आले. कागद हातात घेऊन त्यांनी बोटानं भोकं मोजली.

"हात चांगलाय तुमचा," म्हणाले आणि खाली बसले. "पर ह्ये काम शेवंताचं व्हतं."

आबांच्या बायको शेवंतामावशी मी इथं यायच्या वर्षभर आधी गेल्या. मी त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलेलं.

"मी नीट करायचो, ती मारून बघायची. लय नेम तिचा. पर मधोमध बसला तरी लगीच सांगायची न्हाई. आदी चा टाकायची. चा पिऊन झाला की म्हणायची, 'बसला वो.' तवर माझा जीव वर-खाली."

मला माझीच लाज वाटली. चांगलं करायला गेलो आणि आबा जिथं वाट बघत होते, ती जागाच खोडून टाकली. माफी मागायला तोंड उघडलं, पण आबा उठले होते. त्यांनी कागद फोटोला टेकवून उभा केला आणि चहा टाकला. तीन कप. आम्ही दोघं सावकाश प्यायलो.

कप खाली ठेवून आबांनी एकदा फोटोकडे बघितलं. थोडं थांबले. मग नवा पुठ्ठा कापला, जुन्या चिठ्ठीवरून एकेक ओळ उतरवली आणि शेवटी लिहिलं, 'नेम बाकी.'

"बसलाय, मला कळतंय मास्तर," गाठ मारत म्हणाले. "पर तिनं कुटं सांगितलंय अजून?"