पडद्याच्या मोटरसाठी थोडी जास्त वीज

कोणत्याही कामाला किती वीज लागते हे ठरवण्याचा अधिकार त्या कामाला नसतो. तो समितीला असतो. म्हणूनच जग अजून सुरळीत चाललं आहे (जिथे चाललं आहे तिथे).

शाळेच्या स्टेजचा पडदा तोवर दोरीने उघडत असे, म्हणजे बहुतेकदा उघडत नसे. नववीतल्या भिंगरीने (घरचं नाव, शाळेतही तेच चिकटलं, कारण तिला एका जागी बसलेलं कुणी पाहिलंच नव्हतं) स्टेपर मोटर बसवून तो आपोआप उघडायचं मनावर घेतलं. ही मोटर इतर मोटरींसारखी सुसाट सुटत नाही. सांगितलं तेवढीच फिरते, सांगितलं तिथेच थांबते. असा गुण शाळेत दुसऱ्या कुणाच्याही अंगी नसल्याने मुख्याध्यापिकाबाईंनी ताबडतोब परवानगी दिली. अट एकच: तालमीत किंवा वार्षिक कार्यक्रमात पडदा अडकला तर दोरी परत, आणि भिंगरीकडची प्रयोगशाळेची किल्लीही परत. ती किल्ली मिळवायला भिंगरीने अख्खी आठवी बाईंच्या मागे भुणभुण केली होती.

मोटरला दोन गोष्टी लागतात. एक पॉवर सप्लाय, म्हणजे वीज पुरवणारा डबा. दुसरा ड्रायव्हर, म्हणजे त्यातली किती वीज मोटरला द्यायची हे ठरवणारी तळहाताएवढी पेटी. मोटरवर स्वच्छ छापलं होतं: दोन अँपिअर. भिंगरीने सप्लाय मागितला तीनचा. समिती बसली.

विज्ञानाच्या सरांनी शास्त्रीय दृष्टिकोनातून तीनचे सहा केले. पी.टी.चे सर म्हणाले, "राखीव खेळाडू नकोत का?" बारा झाले. हेडक्लार्कना बारा हा आकडा बोडका वाटला, पंधरा झाले. "आणि शाळेच्या इभ्रतीचं काय?" असं मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं. इभ्रतीचे वेगळे पंधरा धरून तीस अँपिअर एकमताने मंजूर झाले.

"पण बाई, मोटरला दोनच लागतात."

"असू दे गं. कमी पडायला नको."

आजवरच्या सगळ्या बैठका याच वाक्यावर संपल्या आहेत.

सप्लाय आला तो विटेसारखा जड, आणि त्याचा पंखा असा घोंगावे की गाण्याच्या बाईंनी समूहगीताचा सूर त्याच्यावरच लावून घेतला. यातून नुकसान मात्र काही झालं नाही. सप्लाय कितीही मोठा असो, मोटर ड्रायव्हरने ठरवून दिलं तेवढंच घेते (बैठकीच्या बिस्किटांबाबत सदस्यांचा अनुभव वेगळा आहे).

ड्रायव्हरकडे समितीने लक्षच दिलं नव्हतं. एवढ्याशा वस्तूला समिती लागत नाही, असा प्रघात आहे. पण त्याच्या कडेला नखाएवढे खटके आहेत आणि ते सरकवले की मोटरला मिळणारी वीज कमी-जास्त होते, ही बातमी शिक्षकांच्या खोलीत फुटली. त्या दिवसापासून स्टेजजवळून जाणारा प्रत्येक जबाबदार माणूस एखादा खटका सरकवू लागला. जास्तीच्या बाजूला शंभर टक्के, कमीच्या बाजूला शून्य (पाहणीत शाळेतली सगळी मोठी माणसं, शिवाय फक्त विसरलेला डबा द्यायला आलेले एक पालक).

मोटर तापली. पी.टी.चे सर तिच्यावर चहाचा कप ठेवू लागले. ही तिची पहिली समाजसेवा. रंगीत तालमीला पडदा निम्म्यावर आला आणि चटके बसेपर्यंत तापलेल्या ड्रायव्हरने स्वतःला बंद करून घेतलं. समूहगीत निम्म्या समूहाने म्हटलं. उरलेल्या निम्म्याचा नुसता आवाज आला.

"बघ! मी म्हणतच होते," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "वीज कमी पडली." आणि त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला.

भिंगरी रडणारच होती, पण रडायलाही एका जागी बसावं लागतं. "बाई, उद्याच्या दिवस थांबा ना, प्लीज! वाढवते मी. तुम्ही म्हणाल तेवढी वाढवते!"

मग तिने ड्रायव्हर निमूटपणे परत दोन अँपिअरवर आणला आणि झाकणाआड स्क्रू पिळून बंद केला. सप्लायच्या तोंडावर जुन्या रेडिओचं भलंमोठं फिरवायचं बटण बसवलं. त्याभोवती लाल रंगात खुणा केल्या: "जास्त", "आणखी जास्त", "शाळेची इभ्रत". बटणाच्या मागे एकही वायर जोडली नाही.

कार्यक्रमाआधी समिती रांगेने आली. "आत्ता कसं!" म्हणत पी.टी.च्या सरांनी ते पिळलं. विज्ञानाच्या सरांनी कान लावून फरक जाणवत असल्याचा निर्वाळा दिला. हेडक्लार्कनी पुढे नेऊन किंचित मागे आणलं (काटकसर). मुख्याध्यापिकाबाई सरळ इभ्रतीवर गेल्या. सगळे आपापल्या खुर्च्यांवर गेल्यावर, कुणी बघत नाहीसं पाहून, खुद्द भिंगरीनेही ते जरासं पुढे सरकवलं. कमी पडायला नको.

पडदा असा सरकला की पुढच्या रांगेत झोपलेल्या बाळाची पापणीसुद्धा हलली नाही.

"ठेव गं किल्ली तुझ्याकडेच," मुख्याध्यापिकाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "त्या बटणाला मात्र हात लावायचा नाही. तो समितीचा विषय आहे."

आता आपण हसत आहात. अवश्य हसावे. मात्र लिफ्टचं आधीच पेटलेलं बटण आपण परत परत दाबता, आणि टीव्हीचा रिमोट चालेना की सेल न बदलता अंगठा आणखी जोराने रुतवता, याची रीतसर नोंद घेण्यात आली आहे. समितीवर आपली निवड एकमताने झाल्याचे कळवण्यास आनंद होत आहे.