एकोणसाठला नियम नाही

आमच्या कॉलेजात गणित शिकवणारे हिरेमठ सर दिसेल त्या माणसाचं मशीन करून टाकत. व्हरांड्यात गाठून हातात कागद द्यायचे, एक आकडा सांगायचे आणि म्हणायचे, "आता तुमी मशीन. विचार करायचा न्हाय. लिवलंय तेवढंच करायचं."

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात आमच्यापैकी कुणी कॉम्प्युटर पाहिलेला नव्हता. सर सुट्टीत पुण्याला जाऊन एक छोटा कोर्स करून आले आणि आयुष्यातला पहिला प्रोग्राम लिहायला बसले. आपण आकडा द्यायचा, मशीननं तो मराठी शब्दांत सांगायचा. मशीन पुण्यात, म्हणून तोवर आम्ही.

मी इतिहासाचा मास्तर. मला त्यांनी ५००७ दिला. हजारानं भागा, उरलेल्याला शंभरानं भागा, असं करत मी निमूट वाचलं, "पाच हजार शून्यशे सात." स्टाफरूम हसली. सर मात्र खूश. "मास्तर, तुमी लई चांगलं मशीन हाय. शंभर नसतील तर गप बस, हे मी सांगितलंच न्हाय की. चूक माझी." एकदा प्राचार्यांनाच मशीन केलं. त्यांनी मध्येच शंका काढली, तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "सर, मशीन बोलत न्हाय."

खरी अडचण शंभराच्या आत होती. सरांना नियम हवा होता. एकवीस, बावीस करत ते कसाबसा एक बसवायचे, आणि एकोणतीस येऊन तो मोडायचा. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्याला थांबवून त्यांनी विचारलं होतं, "छप्पन्नमधे हा 'प्प' कुठनं आला ओ?" शेवटी नियमांपेक्षा अपवाद जास्त झाले. सगळे नियम खोडून त्यांनी शंभरच्या शंभर शब्द प्रोग्रामात घातले.

"इंग्रजीत करा की, थोडक्यात भागेल," मी म्हटलं.

"इंग्रजीनं माझं काम व्हनार न्हाय."

प्रोग्रामाची भोकं पाडलेली कार्डं घेऊन आम्ही दोघे पुण्याला गेलो. कागद छापून आला. अक्षरं इंग्रजी, शब्द मराठी, आणि एकही चूक नाही. मला वाटलं, सर नाचतील. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि परतीची एस.टी. गाठली. मोडनिंबला गाडी चहाला थांबली, तेव्हा सांगायला लागले.

"आमची मंडळी अक्कलकोटच्या पलीकडची, कानडी. लग्नानंतर मराठी शिकली, बोलायची पण छान. एकदा तापलेली पोरगी मांडीवर घेऊन दवाखान्यात बसली, हातात ५९ चा बिल्ला. कानडीत सरळ हाय, पन्नास-नऊ. तितं ओरडले, एकोणसाठ. ही पन्नासनं सुरू व्हनाऱ्या नंबराची वाट बघत बसली. दवाखाना बंद झाला, लोक हसले. पोरगी बरी झाली, पण ही मराठी बोलायची थांबली. म्हणते, मीच मठ्ठ. मी म्हणलं, थांब, तुला नियम शोधून देतो."

सोलापुरात उतरल्यावर सर मला थेट घरी घेऊन गेले. वहिनींनी पाणी आणलं. सरांनी त्यांच्यापुढे कागद पसरला आणि कानडीत बराच वेळ समजावलं. मला काही कळलं नाही. त्यांचं बोट एकोणसाठावर थांबलेलं तेवढं दिसलं.

वहिनींनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जपून, एकेक शब्द लावत त्या मराठीत म्हणाल्या, "म्हणजे मशीनला बी नियम सापडला न्हाय? सगळं पाठच करावं लागलं?"

"व्हय," सर म्हणाले. "सगळं."

"बिचारं," वहिनी म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

सर खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसत राहिले.