गुडघ्यासाठी कोणतं कुंड

खुर्चीतून उठण्याआधी आई पदर सारखा करते, मग चष्मा, मग समोर कोणी नसलं तरी म्हणते, "उठतोच मी." गुडघे बदलायचं ऑपरेशनही ती गेली काही वर्षं असंच उठतोच-उठतोच करत टाळत होती.

शेवटी आमचा करार झाला. आर्णीच्या पुढे, पैनगंगेकाठी, जुनी देवळं आणि गरम पाण्याची कुंडं असलेलं एक गाव आहे. तिथे एकदा रीतसर स्नान करायचं. गुण आला नाही तर ऑपरेशन.

मी यवतमाळला रसायनशास्त्र शिकवते. प्रयोग कसा करावा हे मला कळतं. एकही रीत सोडायची नाही असं मी ठरवलं, म्हणजे नंतर 'अमुक राह्यलं म्हणून गुण नाही' म्हणायला आईला जागा उरणार नाही. योजना निर्दोष होती. गावात लोक राहतात, एवढंच मी धरलं नव्हतं.

"पहिले टेकडीवरचं देऊळ करा, मॅडम," ऑटोवाले नासिरभाई म्हणाले. "दर्शनाबिगर पाणी लागू नाही पडत."

चढलो. आई कठड्याला धरून, थांबत थांबत.

वर फुलं विकणाऱ्या हंसाबाईंनी कपाळावर हात मारला. "नदीत पाय नाही धुतले? मंग कायचं दर्शन व माय?"

"आई, राहू दे," मी म्हणाले.

"राहू कायले? मंग तूच म्हणशीन, अर्धवट केलं."

उतरलो. पाय धुतले. पुन्हा चढलो, पुन्हा उतरलो. कुंडं दोन निघाली.

"गुडघ्यासाठी डावं," भजी तळणारा देवसिंग म्हणाला. "उजवं पोटासाठी."

नासिरभाई ऑटोतून उतरून आले. "उलटं सांगून राह्यला तू. माह्या मामूचं पोट डाव्यात बरं झालं."

"तुह्या मामूचा गुडघा दुखत होता."

"मामू माहा का तुहा?"

"डावं म्हणजे कुठे तोंड करून?" मी विचारलं.

"हे तं आजवर कोणी विचारलंच नाही," देवसिंग म्हणाला.

आई मात्र पायऱ्यांकडे पाहत होती. तिच्याच वयाच्या एक बाई झपझप उतरून आल्या आणि त्यांनी भजी मागितली.

"या मैनाबाई," देवसिंग म्हणाला. "नेहमी येते."

आईनं त्यांचा हातच धरला. "बाई, तुमचे गुडघे कोणत्या कुंडानं बरे झाले?"

"कुंडानं?" मैनाबाई हसल्या. "नागपूरले ऑपरेशन केलं ना. दोन्ही बदलले. इथं तं मी भज्यांसाठी येतो."

"दुखलं?"

"लय दुखलं. मंग थांबलं. आता शेतात जातो."

एक्स-रे उजेडाला धरून हेच मी आईला कितीदा सांगितलं होतं. आईनं मैनाबाईंच्या पायांकडे पाहिलं.

"मैत्रेयी," ती म्हणाली, "ऑपरेशन करतो मी. पण तुह्या डॉक्टरकडे नाही, या बाईच्या डॉक्टरकडे."