अकरातली एक लाल गाडी

एका जंगलात, बाळांनो, रस्ता एकच होता आणि तोही खड्ड्यांचा. पण मोटारींचा कारखाना होता. तो कोल्हेशेठचा.

पूर्वी तिथे शर्यती होत. रायाजी काळवीट सात नंबरची लाल मोटार पळवायचा. नऊ वर्षे त्याला कोणी हरवले नाही. दहाव्या वर्षी मोटार उलटली आणि त्याचा मागचा पाय अधू झाला. शर्यती बंद पडल्या. रायाजीला सगळे विसरले.

कोल्हेशेठ विसरला नव्हता. त्याने तशीच लाल मोटार काढली. दारावर सात आकडा, सीटवर रायाजीच्या खुराचा ठसा. लिमिटेड एडिशन, फक्त अकरा गाड्या. पहिली घेतली रानगव्याने. त्याची शिंगे दारातच अडकली.

"बसायचंय कुणाला?" गवा म्हणाला. "अकरातली एक माझ्याकडे आहे, बास!"

गाडी ताब्यात देण्याच्या सोहळ्याला रायाजीला बोलावले. तो दोन कोस लंगडत आला. त्याला एकच हवे होते.

"शेठ, आपल्या जुन्या मैदानावर एक फेरी मारू द्या. वळणं अजून पाठ आहेत."

"रायाजीदादा, डोकं फिरलं का? मीटर शून्यावर आहे. आकडा हलला की गाडी जुनी झाली! आणि मैदान कुठलं? हे शोरूम त्याच्यावरच तर बांधलंय."

रायाजीने खाली पाहिले. फरशी चकचकीत होती.

मग पूजा झाली. माकडभटजींनी चारी चाकांपुढे लिंबे ठेवली.

"घ्या गाडी पुढे. लिंबं चिरडली पाहिजेत."

गाडी हलवायची नाही, आणि लिंबे तशीच राहिली तर अपशकुन! गव्याला घाम फुटला.

"दादा, तुम्हीच चिरडा," कोल्हेशेठ म्हणाला. "मान तुमचाच!"

रायाजीने एकेका लिंबावर खूर मारला. तीन चिरडली. चौथ्याच्या रसावरून अधू पाय सटकला आणि तो घसरत थेट पलीकडच्या भिंतीवर आदळला. त्या मैदानावर त्याला मिळालेली फेरी ती एवढीच.

"अरे, बघा बघा!" गवा किंचाळला.

सगळे धावले. गाडीकडे. ओरखडा नव्हता. टाळ्या झाल्या.

वार्ताहर कावळ्याने तोंडातला लाडू गिळला आणि बातमी लिहिली : 'विक्रमवीर आजही तितकाच वेगवान.'

तात्पर्य : बाळांनो, शर्यत जिंकण्याच्या फंदात पडू नका, लिंबे चिरडावी लागतात. मोठे व्हा, न पळणारी गाडी घ्या. वारसा तुमच्याच नावावर होईल.