पुकारेकाकांची हजेरी

शुक्रवार, सतरा तारीख. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. हजर: मुख्याध्यापक सर, शिपाई उषाबाई आणि मी, क्लार्क. घटना: शाळेच्या ऑफिसातला कॉम्प्युटर चालता चालता बंद पडला आणि आपला आपण पुन्हा सुरू झाला. कोणीही हात लावलेला नव्हता.

ही आमच्या वहीतली बारावी नोंद. अक्षर माझं, पद्धत पुकारेकाकांची.

कॉम्प्युटर बिघडला की माणसं आधी वायर बघतात. पुकारेकाका माणसं बघतात. पहिल्यांदा तो बंद पडला तेव्हा मी प्लगकडे धावले, उषाबाई मेन स्विचकडे धावली आणि कोपऱ्यातून काका गरजले, "कोनी जागचं हलू नका! मॅडम, लिहून घ्या. हाजिर कोन होतं?"

काका तालुक्याच्या कोर्टात शिपाई होते. खटल्याचा नंबर लागला की बाहेर येऊन पक्षकाराच्या नावाचा तीनदा पुकारा करायचा, हे त्यांचं काम. आयुष्यभर तेच केल्यामुळे त्यांना हळू बोलताच येत नाही. चहा हवा असला तरी "उषाबाई गणेश वाघ, हाजिर हो!" असं ओरडतात, आणि रस्त्यापलीकडच्या दुकानातली गिऱ्हाइकं मागे वळून पाहतात. लोणार रस्त्यावर आमच्या शाळेला लागून त्यांचं घर आहे. निवृत्त झाल्यापासून रोज अकराला ते ऑफिसात येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतात. त्यांना कोणी बोलावलेलं नाही, पण जा म्हणणारंही कोणी नाही. कोर्टात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याचं बटण दाबायचं काम त्यांच्याकडे होतं, म्हणून या विषयातलं आपल्याला कळतं असं त्यांचं ठाम मत आहे.

सरांना ते 'साहेब' म्हणतात. सर दारात दिसले की काका टाचा जुळवून खटकन उभे राहतात. सर रोज सांगतात, "अहो काका, बसा. मी काही जज्ज नाही." काका म्हणतात, "खुर्चीले मान असते साहेब, मले नाही बसवत."

मला याद्या करायची सवय आहे, त्यामुळे काकांची वही मला पटली. पण माझी स्वतःची यादीही चालूच होती. पंख्यातली धूळ काढली. लोणारच्या मेकॅनिकने आतली पट्टी काढून खोडरबरने घासली. नंतर वीजपुरवठ्याचा आतला डबाच बदलला. त्याच्या दुकानात मशीन दोन-दोन दिवस शहाण्यासारखं चालायचं. आमच्याकडे आणलं की परत तेच. कधी दिवसातून दोनदा, कधी आठवडाभर काहीच नाही. मेकॅनिक शेवटी म्हणाला, "मॅडम, मशीनले काही नाही झालं. तुमच्या हापिसाले झालं असंन."

त्या शुक्रवारी मात्र थट्टेला जागा नव्हती. दहावीच्या परीक्षेचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी पाचला साइट बंद. एकसष्ट मुलांपैकी एकोणीस बाकी होती, आणि राहील त्याचं वर्ष जाणार होतं. अर्ज भरता भरता मशीन बंद पडलं की तो अर्ज पुसला जायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. यादी आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे. सगळ्यात शेवटी वाघ आरती गणेश. म्हणजे उषाबाईची मुलगी.

उषाबाई सकाळपासून एकच फरशी पुसत होती. "मॅडम, माया पोरीचं पह्यले भरलं असतं तं?"

"उषाबाई, यादीप्रमाणे जाऊ. मध्येच एक उचलला की दुसरा सुटतो."

हे बोलले तेव्हा मला ते बरोबर वाटलं होतं.

बारावी नोंद झाली तशी काकांनी वही मागितली. चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि बारा नोंदी बोट फिरवून वाचल्या. मग सर बाहेर गेलेले पाहून, त्यांच्या हिशेबाने कुजबुजत, म्हणजे अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मॅडम, उषाबाई पाच नोंदीत हाय. तुमी नऊ नोंदीत हा, तीन माया सांगन्यावरून लिहिल्या. पन बाराच्या बारा नोंदीत हाजिर असनारा मानूस एकच हाय."

"कोण?"

"साहेब."

मी वही ओढून घेतली. खरंच होतं. दर वेळी सर हजर होते.

"म्हणजे काय काका? सर काही करतात?"

"कराले कायले पाह्यजे? पायगुन राह्यते मानसाचा."

पायगुण वगैरे मी मानत नाही. पण एकोणीस अर्ज बाकी असताना माणूस फार चिकित्सा करत नाही. मी व्हरांड्यात जाऊन सरांना सांगितलं. सर दुखावले. "माझ्या ऑफिसात मी यायचं नाही?" एवढंच म्हणाले आणि खुर्ची ओढून बाहेर लिंबाखाली बसले. प्रत्येक अर्जाला त्यांच्या मोबाइलवर एक आकडा यायचा, तो टाकल्याशिवाय अर्ज जायचा नाही. सर तो आकडा कागदावर लिहायचे, उषाबाई खिडकीतून तो कागद आत द्यायची, मी टाकायचे.

आणि मशीन चाललं! बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. पडदा एकदाही काळा झाला नाही. काका स्टुलावर मांडी ठोकून बसले होते. दर अर्जाला मुलाच्या नावाचा एक पुकारा करत होते. "सय्यद रेहान, हाजिर!" खिडकीबाहेर सर मान खाली घालून आकडे लिहीत होते. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

चार वाजून अठ्ठावीस मिनिटांनी साठावा अर्ज गेला. उषाबाई हातातलं फडकं टाकून आत आली आणि माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. मी आरतीचं नाव घातलं. जन्मतारीख, विषय, फोटो. आता फक्त आकडा हवा होता.

आकडा येईना. साइटवर शेवटची गर्दी असावी. मी पुन्हा मागवला. चार छत्तीस. पुन्हा मागवला. तेवढ्यात बाहेरून सरांचा आवाज आला, "आला! आला!" आणि कागद-बिगद विसरून सर मोबाइल नाचवत थेट ऑफिसात शिरले.

काका खटकन उभे राहिले.

पडदा काळा झाला.

उषाबाईने तोंडावर पदर दाबला. सर दारातच थिजले. "घ्या," काका म्हणाले, "सांगतलं होतं का नाही? पायगुन!" माझ्या हातातून पेन पडलं आणि घरंगळत टेबलाखाली गेलं. ते घ्यायला मी वाकले आणि वाकलेलीच राहिले.

काका उभे राहिले की स्टूल मागे सरकायचं. त्याचा वाकडा पाय कधीकधी भिंतीकडेने गेलेल्या काळ्या वायरवर चढायचा. वायर ताणली जायची आणि मशीनच्या पाठीत बसवलेलं तिचं टोक जरासं बाहेर यायचं. काका बसले, स्टूल पुढे आलं, की टोक परत टेकायचं. सर आले की काका उठायचे. म्हणून दर नोंदीत सर हजर असायचे. काकाही असायचे. पण काका नोंद घेणारे. पुकारा करणाऱ्याचं नाव पुकाऱ्यात नसतं.

समजावून सांगायला वेळ नव्हता. मी वायर दाबून बसवली, मशीन सुरू केलं आणि म्हटलं, "काका, खाली बसा. काही झालं तरी उठायचं नाही. सर आत उभे असले तरी नाही."

"साहेब उभे अन् मी बसू?"

"काका!" इतक्या वर्षांत मी त्यांच्यावर प्रथमच ओरडले. "उषाबाईच्या पोरीसाठी."

काका बसले. दोन्ही हातांनी स्टुलाच्या कडा घट्ट धरल्या, डोळे मिटून घेतले. सर शेजारी उभे. मी सगळं पहिल्यापासून भरलं. आकडा आला, सरांनी वाचला, मी टाकला. चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी 'अर्ज स्वीकारला' अशी हिरवी ओळ आली. उषाबाई हसायला लागली आणि हसता हसता भिंतीला टेकून खाली बसली.

मग मी काकांना वायर दाखवली. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. सरांकडे वळून हात जोडले. सर म्हणाले, "जाऊ द्या हो. लिंबाखाली गार होतं." मग जरा थांबून मला म्हणाले, "मॅडम, ते स्टूल मात्र उद्या कोपऱ्यातून हलवा."

सर गेल्यावर काका म्हणाले, "तेरावी नोंद लिहा मॅडम. मायं नाव टाका. कसूर माया हाय."

मी लिहायला घेतलं आणि अडले. "काका, तुमचं नाव काय हो?"

उषाबाईला माहीत नव्हतं. गावात सगळे पुकारेच म्हणतात.

"सहदेव तुकाराम वानखडे," काका म्हणाले. आणि पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने हळू आवाजात, "कोनी इचारत नाही आता. पोरगा पुन्याले. बुढी गेल्यापासून घरी पुकारा बी मीच करतो अन् हाजिर बी मीच होतो."

मी नाव लिहिलं. मग काय वाटलं कोण जाणे, वही हातात धरून, मला जमेल तेवढ्या मोठ्याने वाचलं, "सहदेव तुकाराम वानखडे, हाजिर हो!"

काका टाचा जुळवून उभे राहिले. "हाजिर!"

पडदा काळा झाला. या वेळी कोणी वायरकडे धावलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी नवी वायर आणली. ती आता भिंतीवरून, खिडकीच्या गजाला सुतळीने बांधून नेली आहे. वहीत चौदावी नोंद झालेली नाही, पण हजेरी मी रोज सकाळी अकराला घेते. चौथं नाव वानखडे.

माझ्या यादीत वायरीसमोर बरोबरची खूण आहे. तिच्याखालची ओळ, 'स्टूल कोपऱ्यातून हलवणे', अजून तशीच आहे.