चमाकलं की गावलं

आमच्या गल्लीत चकाकणाऱ्या वस्तूची खैर नाही. कुणी नवी मोटरसायकल आणली की चार दिवसांत तिच्या टाकीवरच्या कंपनीच्या नावावर काळी टेप बसते. दारात स्टीलचा हंडा पालथा घातला की त्याच्यावर गोणपाट येऊन पडतं. पाहुण्यांना वाटतं, गल्लीत एखादं वांड पोरगं आहे. पोरगं वगैरे काही नाही. ते आमचे समोरचे तात्या. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले, ताठ कण्याचे आणि शर्टाच्या खिशात कायम काळ्या टेपचं रीळ बाळगणारे.

माझं माहेर सांगलीचं. लग्न करून रहिमतपूरला आले ती पुण्यातली नोकरी काखोटीला मारूनच. घरी बसून कंपनीच्या ॲपमधल्या चुका शोधायच्या, असं माझं काम. चुका शोधायचा पगार मिळतो हे ऐकून माझ्या सासूबाई चाट पडल्या, कारण हेच काम त्या लग्नापासून फुकट करत आल्या आहेत. तर कंपनीनं मला नवा लॅपटॉप दिला. त्याच्या पाठीवर कंपनीचं चिन्ह होतं. चिन्ह कसलं, आरसाच तो. बघून टिकली लावावी इतका लख्ख.

सकाळी मी सोप्यात टेबल टाकून बसायची. तोंड दाराकडे, डोळे पडद्यात आणि लॅपटॉपची पाठ रस्त्याकडे. त्या वेळी दारातून ऊन थेट आत येतं. ते ऊन त्या चिन्हावर पडून त्याचा कवडसा गल्ली ओलांडून तात्यांच्या भिंतीवर जातो, आणि मी टाइप करायला लागले की तो तिथे थरथरतो, हे मला बापडीला काय माहीत!

एके दिवशी तात्या आले. सरळ दारातून नाही आले. कमरेत वाकून, भिंतीच्या कडेकडेनं आले आणि चौकटीला पाठ लावून उभे राहिले.

"सूनबाय, खाली बसा."

"बसलेलीच आहे तात्या."

"आनि खाली."

खोटं कशाला सांगू, मी बसले. टेबलाखाली जाऊन बसले. त्यांच्या आवाजात हुकूमच तसा होता. वरती लॅपटॉपचं झाकण मिटल्याचा आवाज आला, मग टेप फाडल्याचा, मग अंगठ्यानं दाबून बसवल्याचा.

"ह्यो तुमचा काजवा सकाळधरनं माज्या भितीवर नाचतोय. चमाकलं की गावलं! कळलं न्हवं?"

"कुणाला गावलं?" मी टेबलाखालूनच विचारलं.

तात्यांनी दारातून वर आभाळाकडे बघितलं. "बघनाऱ्याला," ते म्हणाले आणि आले तसे कडेकडेनं निघून गेले.

मी हसायला हवं होतं. पण मी बाहेर येऊन आधी सोप्याचं दार लोटून घेतलं. आभाळात एक घार होती, बाकी काही नव्हतं. तरीही दिवसभर मान आखडल्यासारखी वाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की काळी टेपही लकाकते. मग चुलीतली राख गोड्या तेलात कालवून ती त्यांनी टेपवर बोटानं फासली. सासूबाई तर खूश झाल्या. "बरं झालं, एवढ्या महागाच्या वस्तूला कुणाची नजर तरी लागायची न्हाई," म्हणाल्या. पुढच्या महिन्यात मला पुण्याला ऑफिसात जावं लागलं. तिथे एकेकाच्या लॅपटॉपवर मांजरं, डोंगर, गिटार, कसली कसली चित्रं चिकटवलेली. मधोमध माझा राखेनं सारवलेला. आमच्या साहेबांनी त्याला बोट लावून वास घेतला. "शेंगदाण्याचं तेल?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?

तात्यांच्या तडाख्यातून कुणी सुटत नाही. मनगटावरचं घड्याळ ते उलटं बांधतात, काच आतल्या बाजूला. वेळ बघायची तर तळहात वर करून बघतात, आणि नवख्याला वाटतं की म्हातारा काहीतरी मागतोय. एकदा आष्ट्याला आमच्या सगळ्यांच्याच नात्यातलं लग्न होतं. भर दुपारची वरात, आणि बँडवाल्यांची पितळी वाद्यं अशी तळपत होती की बघवेना. तात्या काही वेळ रुमालात तोंड घालून चालले. मग त्यांच्यानं राहवेना. कर्णा वाजवणारा पाणी प्यायला थांबला तेवढ्यात त्यांनी कर्ण्याच्या तोंडाला दोन फेरे टेप मारली. तो बिचारा परत फुंकायला लागला तर आवाज तसाच, पण सगळे त्याच्याकडे बघून हसतात. नवरदेवाच्या फेट्याचा तुराही त्यांनी हेरला होता. काकींनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, त्यांच्या शर्टाचं टोक वेळीच धरलं म्हणून तो वाचला.

भीतीचं एक असतं, ती गोवरासारखी पसरते. भर दुपारी बाजारात जाताना मला जिथे तिथे चकाकी दिसू लागली. मोटरसायकलचे आरसे, भांड्यांच्या दुकानातल्या परातींची चळत, कुणाच्या तरी गच्चीवरचा सौरबंब. प्रत्येक ठिकाणाहून कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटायचं. सांगलीला आईला फोनवर हे हसत हसत सांगायला गेले आणि सांगता सांगता माझाच आवाज खाली आला. आई म्हणाली, "एवढं हळू का बोलतेस गं?"

तात्यांना एकच मुलगा, संदीप. माझ्या नवऱ्याचा शाळेपासूनचा दोस्त. तोही फौजेतच. वरच्या सरहद्दीवर, बर्फात. त्याचा फोन आला की तात्यांचं बोलणं ठरलेलं. "जेवलास? मोजं वाळिवलं? हं. तुज्या आयला देतो." तिसरा प्रश्न नाही. फोन काकींच्या हातात देऊन ते अंगणात जायचे आणि कशावर तरी टेप लावायचे. भरतीला जाताना पोराला त्यांनी म्हणे एवढंच सांगितलं होतं, की घाबरलास तर माझं नाव सांगू नको.

गेल्या उन्हाळ्यात सरहद्दीवर गडबड सुरू झाली. टीव्हीवरचे लोक तर असे ओरडत होते की जणू लढाई आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली आहे. त्यातच संदीपचा फोन यायचा बंद झाला. काकी लावायच्या, लागायचा नाही. आधी सगळे म्हणाले, रेंज नसेल. मग म्हणाले, फोन जमा करून घेत असतील. मग कुणी काही म्हणेनासं झालं. गल्लीत कुणाच्या फोनची रिंग वाजली तरी काकी दारात यायच्या. तात्या घराबाहेर पडेनात. फक्त टेपच्या रिळांचा खप वाढला. त्यांनी दाराची कडी झाकली, नळाची तोटी झाकली, तुळशीपुढची पणती ठेवायची पितळी ताटलीसुद्धा झाकली.

अशात एका सकाळी खाकी कपड्यातल्या दोघांना घेऊन एक जीप गल्लीत शिरली. हळू येत येत बरोबर तात्यांच्या दारात थांबली.

सासूबाईंच्या हातातलं सूप निसटलं आणि तांदूळ सोपाभर झाले. समोर काकी उंबऱ्याशी आल्या पण त्यांनी उंबरा ओलांडला नाही. दोन्ही हातांनी चौकट धरून उभ्या राहिल्या. तात्या आतून आले. शर्टाचं वरचं बटण लावत आले, जीपसमोर टाचा जुळवून उभे राहिले आणि म्हणाले, "बोला."

ड्रायव्हर खाली उतरला. "आजोबा, बादलीभर पानी मिळंल का? गाडी लय तापलीया."

वनखात्याची जीप होती. मागं रोपं भरलेली, शिवणीची आणि जांभळाची.

काकी तिथेच उंबऱ्यावर बसल्या. पाणी माझ्या सासूबाईंनी नेऊन दिलं. तात्या मात्र हलले नाहीत. जीपच्या तोंडावर कंपनीचं चकचकीत चिन्ह होतं, त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून रीळ काढलं. पण टेपचं टोक सापडेना. नखानं खरवडत होते, रीळ फिरवत होते, पुन्हा खरवडत होते. मला ते बघवेना. मी गेले, त्यांच्या हातातून रीळ घेतलं, टोक सोडवून दिलं. त्यांनी टेप फाडली आणि चिन्हावर बसवली, वाकडीतिकडी.

"आवं आजोबा, सायबाची गाडी हाय!" ड्रायव्हर म्हणाला.

"मग सायबाला बी जपाय नगो व्हय?" तात्या म्हणाले आणि घरात गेले.

मी काकींजवळ उंबऱ्यावर बसले. म्हटलं, "फौजेची सवय, काकी. ती कुठली सुटतेय?"

काकींनी माझ्याकडे बघितलं. "कसली फौजंची सवय गं? नोकरीत हुते तवा हे मानूस असं न्हवतंच. सुट्टीवर आले की निम्मा दिस बक्कल घासण्यात जायचा. त्यात तोंड बघून मिशीला पीळ द्यायचे. बूट तर असे, की माजी सासू त्यात बघून कुकू लावायची. सोताच्या पायी एक दिस भ्याले न्हाईत." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "संदीपची बदली वर झाली आन तवापास्नं ह्ये टेपचं खूळ. मी म्हनते लावू द्या. पोरगं निघालं त्या दिवशी मी सांजपतुर केर काढला न्हाई, मागारी यावं म्हनून. त्यास्नी केर काढायचा नसतोय, मग टेप लावत्यात."

इतके दिवस मी तात्यांच्या गोष्टी ऑफिसात रंगवून सांगत आले होते. कर्ण्याची, घड्याळाची. लोक पोट धरून हसायचे. त्या दिवसापासून मला ते जमेना.

त्यानंतरच्या आठवड्यात, दुपारची जेवणं उरकून मी कामाला बसले होते, तोच नवऱ्याचा, तो शिकवतो त्या शाळेतून, फोन आला. धापा टाकत बोलत होता. संदीपचा निरोप आला होता. तो आता खाली आलाय, नेट मिळालंय, तात्या-काकींना तुझ्या लॅपटॉपसमोर बसव, लगेच. मी दारातूनच हाक मारली. काकी अनवाणी धावत आल्या. तात्या मागून आले, बटण लावत.

पडद्यावर संदीप दिसला. दाढी वाढलेली, गाल बसलेले, ओठ थंडीनं फुटलेले. काकींनी पडद्यावरच त्याच्या गालावरून हात फिरवला आणि रडायला लागल्या. त्याला एवढंच बोलता आलं, "आई, मी बरा हाय. बघ की, बरा हाय."

तात्या खुर्चीच्या टोकावर ताठ बसले होते.

"जेवलास?"

"व्हय तात्या."

"मोजं वाळिवलं?"

"व्हय."

"हं," तात्या म्हणाले. आता हे उठणार आणि अंगणात जाणार असं मला वाटलं. काकीही पुढे सरकल्या. पण तात्या उठले नाहीत. हात गुडघ्यांवर घट्ट धरून बसून राहिले.

"संदीप."

"बोला तात्या."

"मला भ्या वाटतं रं."

काकींचं रडणं थांबलं. त्यांनी वळून नवऱ्याकडे असं बघितलं की जणू हा माणूस त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. आणि नेमकं तेव्हाच पडद्यावरचं चित्र अडकलं. संदीप अर्धे डोळे मिटलेला, तसाच थिजला. सगळा जन्म गिळलेलं एक वाक्य या माणसानं बाहेर काढलं, आणि पोराला ते पोचलंच नसलं तर? पुन्हा म्हणायला सांगितलं तर ते कधीच म्हणणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. तात्या मात्र त्या थिजलेल्या चेहऱ्याकडे बघत वाट पाहत होते.

आधी आवाज आला, मागून चित्र.

"मला बी वाटतं तात्या. लय वाटतं. हितं समद्यास्नीच वाटतं, पन कोन म्हनत न्हाई."

तात्यांनी मान हलवली. हळूहळू, दोनदा-तीनदा.

"म्हन," ते म्हणाले. "मला म्हनत जा."

मी चहा टाकायला आत गेले. चहा उकळला, आटला, मी त्यात आणखी पाणी घातलं. बाहेर तात्या बोलतच होते, आणि काकी मधूनमधून म्हणत होत्या, "आवं, मला बी जरा बोलू द्या की!"