सॅक्सोफोनचे एकवीस श्वास

सॅक्सोफोनसाठी मी लिहिलेले श्वास रोज कोणीतरी घेऊन जातं. बरोबर तीन.

रचना मूळची व्हायोलिनची, चिनी वळणाची. पाचच सूर; ज्यांना कान नाही ते तिला भूप म्हणतात. व्हायोलिनला श्वास लागत नाही, सॅक्सोफोनला लागतो. म्हणून ती उतरवताना ओळींच्या वर स्वल्पविरामासारख्या खुणा कराव्या लागतात. हे मला कोणी शिकवलेलं नाही. शिकवायला कोणी आलाच, तर दारातून परत पाठवीन. मी एकवीस खुणा केल्या होत्या. भाजी घेऊन वर आले, तर अठरा. भरल्या, की दुसऱ्या दिवशी पुन्हा अठरा.

रविवारी मिरजेच्या सभागृहात दस्तगीर ही रचना वाजवणार. तीस वर्षं त्यानं वरातींपुढे चालत वाजवलं. खुर्चीवर बसून वाजवायची ही पहिलीच वेळ. तालमीत तिसऱ्या पानावर तो निळा पडला.

"अक्का, इथं काल श्वास होता हो."

"होता. तू तर घरी नाही ना नेलास?"

"नेला असता तर असा आडवा झालो असतो का?"

मुद्दा बिनतोड होता. तरी मी त्याचे खिसे पाहिले. दूधवालीला उंबऱ्याबाहेर ठेवलं. दुसऱ्या मजल्यावरचे दबीर हल्ली खोकत नाहीत, तेही टिपून ठेवलं.

शुक्रवारी खुणा एकवीस केल्या, कुलूप लावलं आणि मी चौकीवरून हवालदार गुरवांना घेऊन आले. तीन मजले. प्रत्येक मजल्यावर ते कठडा धरून थांबले.

"मावशी, वय काय तुमचं?"

"अठ्ठ्याहत्तर."

"आणि धाप?"

"मला लागत नाही."

कुलूप त्यांनी स्वतः तपासलं. शाबूत. खुणा मोजल्या. अठरा.

"श्वास कोणाच्या नावावर होते?"

"लिहिले मी. घ्यायचे दस्तगीरनं."

त्यांनी लिहून घेतलं. मग छाती दाबत माझ्याकडे बघत राहिले. मग जिन्याकडे.

मी खाली गेले आणि पुन्हा वर चढले. या खेपेला श्वास माझे मी घेतले. दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसावं लागलं. दबीरांनी पाणी आणून दिलं; ते मी प्याले. वर पाहिलं, तर अठराच्या अठरा जागेवर. राहिलेले तीन लिहून टाकले.

रविवारी दस्तगीरनं शेवटचा सूर हवा तेवढा लांबवला.

सोमवारी गुरव जिन्यातच भेटले. दोघंही कठडा धरून उभे.

"चोर सापडला नाही, असं लिहू?"

"ओळखीचा निघाला असं लिहा," मी धापा टाकत म्हटलं. "नाव नको."